मेंदूज्वराची लस दिलीस का गं?

ऋषीपंचमीची सकाळ. आम्ही पाच-सहा जणी मागच्या पडवीत ऋषीची भाजी निवडत बसलेलो, अळू, भेंडी, लाल भोपळा, मक्याची कणसं, सगळा ढीग मधे, आणि घरात तीसेक माणसं, कारण मुंबईची चाकरमानी मंडळी सगळी आलेली. तेवढ्यात माझ्या चुलत नणंदेने मांडीवरच्या छकुलीचा गालगुच्चा घेत विचारलं, "वहिनी, हिला मेंदूज्वराची लस दिलीस का गं?"

मी म्हटलं, कुठली?

"अगं ती प्रायव्हेटमधली. एका डोसचे पाच हजार वगैरे. आमच्या सोसायटीत सगळ्यांनी घेतली."

झालं. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, जशी काही मी पाच हजार वाचवायला पोरीचा जीव टांगणीला लावलाय. माझी मोठी जाऊ, तिला मी ताई म्हणते, ती तिथेच होती, पण काही बोलली नाही, अळूचे देठ सोलत राहिली. खरं तर त्या पडवीत या विषयावर बोलायचा सगळ्यात जास्त हक्क तिचाच होता.

मी "बघू, डॉक्टरांना विचारते" म्हणून वेळ मारून नेली. पण रात्री सगळे भजनाला बसले आणि मी पोरीला झोपवता झोपवता हे मोबाईलवर टाईप करायला घेतलं. ताईला विचारून लिहितेय.

गेल्या वर्षीचा आषाढ. देवगडकडचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. ताईचा मुलगा, बाबल्या म्हणतो आम्ही त्याला, सात महिन्यांचा होता. दोन दिवस ताप. शेजारच्या काकी म्हणाल्या दात येतायत, कोणीतरी दृष्ट काढा म्हणालं, ती पण काढली मीठ-मिरची ओवाळून. बाजारातल्या एका दवाखान्यातून अँटीबायोटिकचं पातळ औषध आणलं, ताप जरा उतरला आणि परत चढला. दूध ओढेना. आणि रडणं बदललं. हे ताई अजून सांगते, की भुकेचं नाही, झोपेचं नाही, एकदम बारीक, उंच, टोचणारं रडणं, आणि विचित्र म्हणजे उचलून घेतला की जास्तच रडायचा. पोर उचललं की गप्प होतं ना, हा उलटा, खाली ठेवला की जरा शांत. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या आवरणाला सूज असली की हलवलं तरी दुखतं, म्हणून तसं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई त्याची टाळू भरायला बसल्या. आमच्याकडे पोर वर्षाचं होईपर्यंत हा रोजचा कार्यक्रम, घाण्यावरचं नारळाचं तेल कोमट करून तळहातावर घ्यायचं आणि टाळूवर थोपटत थोपटत जिरवायचं. (डॉक्टर म्हणतात तेलाने टाळू बिळू भरत नाही, हाड वाढून ती आपली आपण भरते, दीडेक वर्षापर्यंत. सासूबाईंना हे सांगायची हिंमत माझ्यात नाही.) तर त्यांनी तेल लावलं आणि हात तसाच ठेवला. मग मला म्हणाल्या ह्याला उभा धर. उभा धरला, गप्प केला, परत हात ठेवला.

"गो, हेची टाळू बघ मगे. वर इल्यासारी लागता. जुलाब झाले काय टाळू खाली जाता, ही वर कशी इली?"

मी बोट लावून बघितलं. एरवी ती जागा मऊ असते, किंचित खोलगट, आतून ठोके लागतात. त्या दिवशी टच्च. फुगवलेल्या फुग्यावर बोट टेकवावं तशी. रडताना टाळू थोडी वर येतेच, त्यात काही नाही, पण पोर गप्प आहे, उभं धरलंय आणि तरी ती फुगलेली, हे साधं लक्षण नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सासूबाईंना पण मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाची सूज) हा शब्द माहीत नव्हता, पण चाळीस वर्षं आपल्या-परक्या पोरांच्या टाळूवर फिरलेला तो हात, त्याला कळलं. "आता घरात बसान चलाचा नाय," एवढंच म्हणाल्या आणि ताईची पिशवी भरायला उठल्या.

तालुक्याच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या कोल्हापूरला हलवायला सांगितलं. १०८ मिळाली. फोंडा घाटात धुकं असं की ड्रायव्हरला पुढचं वळण दिसेना, आणि तिथेच बाबल्याला झटका आला, डोळे एका बाजूला, डावा हात थडथडथड. तो घाट मी आता दिवसा उतरते तेव्हाही खिडकीबाहेर बघत नाही.

कोल्हापुरात मुलांच्या डॉक्टर बाई म्हणाल्या पाठीतलं पाणी काढून तपासायला लागेल. ताई नाही म्हणाली. तिचंही चूक नाही, पाठीत सुई मारली की पोर कायमचं लुळं पडतं हे आपल्याकडे डोक्यात पक्कं बसलंय. बाईंनी वाद घातला नाही, आधी शिरेतून अँटीबायोटिक चालू केलं, सहीसाठी अडून बसल्या नाहीत, आणि मग स्वतः पाठमोऱ्या उभ्या राहून स्वतःच्या कमरेवर बोट ठेवून दाखवलं, की मज्जारज्जू इथे वर संपतो आणि सुई जाते ती इथे खाली. ताईने सही केली. ते पाणी मी बघितलं, बोटभर बाटलीत. निवळ पाण्यासारखं असायला हवं होतं म्हणे. तांदळाचं धुवण असतं ना, तसं होतं.

जंतू निघाला न्यूमोकॉकस. तोही सरळ सापडला नाही, आधी तोंडातून थोडं थोडं अँटीबायोटिक गेल्यामुळे कल्चरमध्ये काही वाढलंच नाही, दुसऱ्या टेस्टमध्ये कळलं. चौदा दिवस इंजेक्शनं. पोरगा वाचला, हसत घरी आला. पण घरी सोडायच्या आधी कानाची तपासणी केली, ती या आजारानंतर करायचीच असते, त्यात उजव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नाही असं निघालं. आता तो पावणेदोन वर्षांचा आहे, दुडूदुडू धावतो, आणि उजवीकडून हाक मारली तर डावीकडे वळून शोधतो.

पहिल्याच रात्री डॉक्टर बाईंनी विचारलं होतं, कार्ड आणलंय का. लसीकरणाचं कार्ड सासूबाईंनी पिशवीत टाकलेलं होतं. दीड महिन्याचे डोस झालेले, अडीच महिन्याचे झालेले, साडेतीन महिन्याचे रकाने रिकामे. कारण? काहीच मोठं नाही. एप्रिल, हापूसचा सीझन, घरात पेट्या भरायची गडबड, एका सत्राला बाबल्याला सर्दी होती म्हणून नेला नाही, पुढच्या वेळी ताई माहेरी होती, मग राहिलंच. न्यूमोकॉकसची लस, म्हणजे पीसीव्ही, सरकारी वेळापत्रकात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना बूस्टर अशी आहे, म्हणजे त्याला एकच डोस मिळालेला. ताईने बाईंना सरळ विचारलं, माझ्यामुळे झालं का. बाई म्हणाल्या तसं कोणीच सांगू शकत नाही, या जंतूचे शंभराच्या वर प्रकार आहेत आणि लसीत त्यातले मोजकेच असतात, डोस पूर्ण असते तरी बाहेरच्या एखाद्या प्रकाराने झालं असतं. ताईला हे पटलंय की नाही मला माहीत नाही. मी परत विचारलेलं नाही.

तर नणंदेचा प्रश्न. मेंदूज्वराची लस. मुळात अशी एक लस नाहीच आहे, आणि माझ्या मते सगळा घोळ या शब्दात आहे. आपण मेंदूज्वर म्हणतो त्यात दोन वेगळे आजार घुसलेत, एक मेंदूलाच सूज येते तो, जपानी मेंदूज्वर त्यातला, डासांमुळे होणारा, त्याची सरकारी लस ठराविक जिल्ह्यांतच देतात. आणि दुसरा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूवर जे आवरण असतं त्याला सूज. हा दुसरा पण एका जंतूचा नाही. विषाणूने होतो, तो जास्त वेळा होतो आणि बहुतेक मुलं त्यातून आपली आपण बरी होतात. टीबीने होतो. आणि जिवाणूंनी होतो, तो सगळ्यात घातकी, तासातासाला बिघडत जाणारा. लहान मुलांत त्याचे मुख्य तीन, हिब, न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकस. अगदी पहिल्या महिन्यातल्या बाळांना करणारे जंतू अजून वेगळे, त्यांच्यासाठी बाळाला द्यायची लस नाही, म्हणून दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी वाट बघायचीच नाही, रात्री दोन वाजता असेल तरी न्यायचं.

आता गंमत बघा. यातलं किती आपल्या गावच्या उपकेंद्रात फुकट मिळतं.

बीसीजी, जन्मल्यावर डाव्या दंडात देतात, काही आठवड्यांनी फोड येऊन वण राहतो ती. लोकांना वाटतं ती टीबीची लस, मग घेऊनही मोठेपणी टीबी होतोच की. बरोबर आहे, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीला ती फारशी रोखत नाही. तिचं खरं काम तान्ह्या बाळाला टीबीचा मेनिंजायटिस होऊ नये हे आहे. आपल्या सगळ्यांच्या दंडावर तो वण आहे आणि कशासाठी ते निम्म्यांना माहीत नाही, मलाही नव्हतं.

मग पेंटा. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना डाव्या मांडीत, ज्याने ताप येतो आणि रात्रभर जागरण होतं ती. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी, आणि पाचवा हिब. लस यायच्या आधी लहान मुलांतल्या मेनिंजायटिसचं मोठं कारण हाच हिब होता, आणि अमेरिकेत लस आल्यावर लहान मुलांतला त्याचा गंभीर आजार ९९ टक्के कमी झाला. आपल्याकडे पेंटा २०११ च्या डिसेंबरात केरळ-तमिळनाडूत सुरू झाली आणि मग बाकी राज्यांत. तिसरी पीसीव्ही, उजव्या मांडीत. ही २०१७ मध्ये हिमाचल आणि यूपी-बिहारमध्ये चालू झाली, देशभर आली २०२१ मध्ये. त्याआधी ही फक्त पैसेवाल्यांची लस होती, डोसला तीन-साडेतीन हजार मोजायला लागायचे. आता तीच आमच्या अंगणवाडीत आशाताई हाक मारून मारून देते आणि आम्ही आंब्याच्या पेट्या भरत बसतो.

डॉक्टर बाईंना मी विचारलेलं की हे जंतू इतके चिवट का, आणि तान्ह्या पोरांनाच का. त्या म्हणाल्या या तिघांच्या अंगावर साखरेसारख्या पदार्थाचं बुळबुळीत वेष्टन असतं, दोन वर्षांच्या आतल्या मुलाच्या शरीराला ते नीट पकडताच येत नाही, म्हणून लसीत ते वेष्टन एका प्रोटीनला जोडून देतात, मग शरीराला पकड मिळते. हे माझ्या डोक्यात लगेच बसलं, कारण जिवंत वाम मासळी हातात धरून बघा, सटकणारच. बोटांना राख लावली की कुठे जातेय.

राहिला तिसरा, मेनिंगोकॉकस, आणि नणंद म्हणते ती पाच हजारांची लस याच्यावरची. ही सरकारी वेळापत्रकात नाही. ए, सी, वाय, डब्ल्यू अशा चार प्रकारांवर असते, मला सांगितलं त्या ब्रँडचे नऊ ते तेवीस महिन्यांत दोन डोस, मधे तीन महिन्यांचं अंतर, आणि दोन वर्षांनंतर घेतली तर एकच. ब्रँडप्रमाणे बदलतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा. आजार भयानक आहे यात वाद नाही, सकाळी खेळणारं मूल रात्रीपर्यंत जाऊ शकतं. अंगावर लालसर-जांभळे ठिपके येतात, काचेचा ग्लास त्यावर दाबला तरी ते फिके होत नाहीत. आपल्या सावळ्या कातडीवर पटकन दिसत नाहीत, तळवे, तळपाय, पापणीची आतली बाजू बघायची. तसे दिसले तर थेट हॉस्पिटल. पण आपल्याकडे तो रोज दिसणारा नाही, साथी येतात अधूनमधून, दिल्लीत २००५ ला आली होती, मेघालयात २००८-०९ ला. म्हणून मुलांच्या डॉक्टरांची संघटना ही लस सरसकट सगळ्यांना द्या असं म्हणत नाही, जास्त धोका असलेल्यांना द्या म्हणते. प्लीहा नसलेली किंवा नीट काम न करणारी मुलं, प्रतिकारशक्तीचे काही जन्मजात दोष, एचआयव्ही, साथ आलेला भाग, आणि प्रवास.

प्रवासाचं उदाहरण तर आमच्या शेजारीच. पलीकडच्या भाभी यंदा दोन वर्षांच्या नातवाला घेऊन उमऱ्याला (मक्केच्या यात्रेला) गेल्या, त्यांना ही लस घ्यावीच लागली, एक वर्षावरच्या प्रत्येकाला तिकडे ती सक्तीची आहे. तिथे जगभरची माणसं खांद्याला खांदा लावून, आणि हा जंतू धडधाकट माणसाच्या घशात पण गपचूप बसलेला असतो. आता यावरून आमच्या घरातली चतुर्थीची गर्दी आठवून मला जरा धस्स झालं, छकुलीचा मुका न घेतलेलं माणूस शोधून सापडणार नाही. पण डॉक्टर म्हणाले, सर्दी-खोकलावाल्यांना लांब ठेवा, एवढ्यासाठी गणपती बंद करू नका.

पुण्याची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक पट्टा आहे, तिथे ए प्रकारच्या मेनिंगोकॉकसच्या साथी यायच्या आणि हजारो माणसं मरायची. त्यांच्यासाठी आपल्या पुण्याच्या सीरमने अर्ध्या डॉलरपेक्षा कमी किमतीची लस बनवली, २०१० ला बुर्किना फासो, माली, नायजरमध्ये द्यायला लागले आणि तो ए प्रकार तिथून जवळजवळ नाहीसा झाला. नंतर पाच प्रकारांवरची पण त्यांनी बनवली, ती २०२४ मध्ये नायजेरियात पहिल्यांदा दिली गेली. पुण्याच्या माणसांना मिरवायला बाकी बरंच काही असतं, याबद्दल कोणी बोलताना ऐकलं नाही.

एक गालगुंडाचं राहिलं. गालगुंडाने पण मेनिंजायटिस होतो, बहुतेक सौम्य, पण कधी कान जातो. सरकारी एमआर मध्ये गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. प्रायव्हेटला एमएमआर मिळते, त्यात आहे. मला विचाराल तर जास्तीचे पैसे खर्च करायचेच असतील तर मी आधी याचा विचार करेन, ती पाच हजारवाली नंतर. हे माझं मत, डॉक्टरांचं नाही.

आणि सर्दी आहे म्हणून डोस पुढे ढकलणं. कृपा करून हे करू नका. साध्या सर्दीत, थोड्या खोकल्यात लस देतात. कोकणात जून ते सप्टेंबर कुठल्या पोराचं नाक कोरडं असतं? त्या हिशेबाने चार महिने कोणालाच लस मिळायची नाही. डोस चुकला असेल तर पहिल्यापासून चालू करायला लागत नाही, राहिलाय तिथून पुढे, फक्त वर्षाच्या आत सिस्टरला गाठा, कारण पेंटा आणि पीसीव्हीचा पहिला डोस सरकारीत वर्षापर्यंतच चालू करतात. तौक्ते वादळाच्या वेळी आमच्याकडे कितीतरी दिवस लाईट नव्हती तेव्हापासून मला एक शंका होती की फ्रीज बंद पडला तर लस खराब होत असेल, मग देतात काय? सिस्टरने मला बाटलीवरचं चिन्ह दाखवलं, एक गोल आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते, उष्णता लागत गेली की तो काळपट होत जातो, गोलाएवढा काळा झाला की फेकून द्यायची. आता मी दरवेळी बघायला मागते, सिस्टर हसते आणि दाखवते.

छकुलीचे साडेतीन महिन्यापर्यंतचे सगळे झालेत. नऊ महिन्यांचे या महिनाअखेर आहेत, पीसीव्हीचा बूस्टर आणि एमआर, तारीख मी गणपतीच्या कॅलेंडरवरच लाल पेनाने लिहून ठेवलीय. ती पाच हजारांची दोन वर्षांनंतर एकच डोस पुरतो म्हणून तेव्हा बघू असं नवऱ्याचं आणि माझं ठरलंय, तोपर्यंत कुठे साथ आली किंवा काही झालं तर आधी घेऊ.

हे सगळं मी पडवीत बोललेच नाही म्हणा. आज दुपारी जेवणं झाल्यावर नणंदेने परत तोच विषय काढला, आणि या वेळी ताई बोलली. भांडी विसळता विसळता, मान वर न करता.

"तुझ्या झिलाचो बूस्टर झालो? पीसीव्हीचो?"

नणंदेचा मुलगा दीड वर्षाचा. ती म्हणाली झाला असेल, सगळं झालंय त्याचं. ताई म्हणाली, असेल म्हणजे काय, कार्ड खंय आसा? मग नणंदेने मुंबईला नवऱ्याला फोन लावला, त्याला सुट्टी नव्हती म्हणून तो मागे राहिलेला, कपाटात वरच्या कप्प्यात निळी फाईल आहे ती बघ. स्पीकरवर होता. आधी लाईट बिलं सापडली, मग गाडीचे कागद. पाच हजारांची पावती पण सापडली. ताई ओले हात पदराला पुसत तिथेच उभी राहिली, फोन ठेवायला द्यायला तयार नाही. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, भजन संपत आलंय, निळी फाईल अजून सापडलेली नाही.